मागची चाकं मोठी

चहा घेताय ना? मग आधी घोट गिळून घ्या. मी सांगताना तोंडात चहा ठेवू नका, मागच्या वेळी आमच्या एका मित्राला असा ठसका लागला की त्याच्या पाठीवर मलाच थापा माराव्या लागल्या. फजिती माझी, आणि थापा मारायच्याही मीच!

तर, माझ्याकडे एक गाडी आहे. आहे म्हणजे काय, संभाजीनगरच्या एका गॅरेजात पोट उघडं टाकून पडलेली आहे. गॅरेजवाला म्हणतो, पार्ट बाहेरच्या देशातून यायचाय. कोणत्या देशातून, तेही आता विचारत नाही.

मानवतला माझं खत-बियाण्याचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. एक वर्ष कापसानं हात दिला आणि माझी बुद्धी फिरली. एका डॉक्टरची वापरलेली विलायती गाडी घेतली. लांबलचक, काळीभोर, आत कातडी सीटा. आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर! बाकीच्या गाड्या एक तर पुढून ओढतात नाही तर मागून ढकलतात. ही दोन्हीकडून. डॉक्टर म्हणाले, ‘‘बर्फातसुद्धा घसरत नाही.’’ आता आपल्या परभणी जिल्ह्यात बर्फ दिसतो तो लग्नातल्या मठ्ठ्यात. पण घसरत नाही म्हटल्यावर मी घसरलो.

एकच खोट होती. गाडी जमिनीला चिकटून चालायची. पहिल्या दिवशी आमच्या मंडळींनी दारात येऊन बघितलं आणि विचारलं, ‘‘आवो, ही उभी हाय का बसलेली?’’

मी लक्ष दिलं नाही. तिथंच द्यायला हवं होतं.

आमची अर्चना दिलीय चुडाव्याला. लग्नानंतर व्याह्यांना, मारोतरावांना, मी हौसेनं त्या गाडीत घेऊन निघालो. गतिरोधक आला की गाडीचं पोट घासायचं. मग काय करायचं? सगळ्यांनी खाली उतरायचं, गाडी हलकी झाली की मी ती तिरकी करून काढायची, मग सगळ्यांनी पुन्हा बसायचं. आणि आपल्याकडे गतिरोधक किती? जिथं दोन घरं आणि एक पानटपरी, तिथं गतिरोधक!

व्याही अंगानं भरलेले. दर खेपेला धोतर सावरत उतरायचे. शेवटी मानवतला पोचल्यावर माझ्या दुकानासमोर, भर बाजारात म्हणाले, ‘‘पाव्हणं, गाडी लय भारी हाय. निस्तं एक सांगा, आमी गाडीत बसून आलो का गाडीसंगं चालत आलो?’’

बाजार हसला. चला, हसू द्या. पण ती गोष्ट व्याह्यांनी चुडाव्याला नेली, आणि तिथं ती फिरत राहिली.

मग आला अधिक महिना. पोरीच्या लग्नानंतरचा पहिला धोंडा! म्हणजे लेक-जावयाला मानानं घरी आणायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, जावयाला कपडे करायचे. मी फोन केला, ‘‘अर्चना, न्यायला गाडी घिऊन येतो गं.’’

ती पलीकडून हळूच म्हणाली, ‘‘आण्णा, आमी रेल्वेनं येतो ना. ती गाडी नका आणू.’’

‘‘कामून?’’

‘‘हितं समदे हासतेत. कुणी पायी जायला निगालं की सासूबाई म्हणतेत, चालला का आमच्या इहीनबाईच्या गाडीत?’’

काय सांगू तुम्हाला, काळजात चर्र झालं. बापाच्या गरिबीवरून पोरीला टोमणे बसतात हे ऐकलं होतं. बापाच्या श्रीमंत गाडीवरून टोमणे खाणारी माझीच पोर पहिली असावी. मी ठरवलं, आता त्याच गाडीतून तिला आणायची आणि एकाही माणसाला उतरू द्यायचं नाही. पोरीची मान वर झाली पाहिजे!

गाडी उंच करायची तर मोठी चाकं हवीत, एवढं मला कळत होतं. गेलो नांदेडला. टायरचं दुकान असं चकचकीत की चपला बाहेर काढाव्यात की काय असं वाटलं. दुकानदार पोरगेला, डोक्यावर गॉगल. त्यानं ताऱ्यासारख्या आऱ्यांची वीस इंची चाकं दाखवली. मी तर बघतच राहिलो.

‘‘उचलंल का गाडी?’’

‘‘थोडी उचलेल, काका. पण चारही टाका हां. तुमची गाडी चारही चाकांनी ओढते. पुढची-मागची सारखीच लागतात.’’

इथं, इथंच माझा घात झाला. कारण मी स्वतः दुकानदार आहे हो! माझ्याकडे शेतकरी नुसतं बियाणं मागायला आला की मी काय म्हणतो? ‘‘सोबत हे औषध बी न्या, न्हाई तर उगवायचं न्हाई.’’ तोच सूर, तीच कळकळ, तशीच मान तिरकी! मी मनात म्हटलं, बाळा, हे बोलणं मी रोज बोलतो.

बाजूला जाऊन धाकट्या भावाला, विठ्ठलला फोन लावला. शेती तोच बघतो. सगळं ऐकून त्यानं विचारलं,

‘‘दादा, आपल्या ट्रॅक्टरला फुडं चाक कसलं हाय?’’

‘‘लहान.’’

‘‘आन् मागं?’’

‘‘मोठं.’’

‘‘मंग नांगर कोण ओढायलंय? काळ्या रानात, ढेकळात कोण चालायलंय? त्या टायरवाल्यानं कवा नांगर धरला व्हता का?’’

झालं! आमच्या खानदानात ट्रॅक्टरपुढे कुणाचं चालत नाही. मी छाती काढून आत गेलो आणि म्हणालो, ‘‘दोनच द्या. मागं बसवा.’’

‘‘काका, नका करू असं.’’

‘‘दोनच!’’

त्यानं गॉगल डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. बहुतेक बघवत नव्हतं त्याला.

चाकं बसली. मागून गाडी मस्त उचलली. पण मागून उचलल्यावर पुढून काय होणार? बैल हौदावर पाणी प्यायला वाकतो ना, तशी नाक खाली करून उभी राहिली. आमच्या मंडळींनी दारातूनच बघितलं.

‘‘आदी बसली व्हती. आता पाया पडायली.’’

दुसऱ्या दिवशी नव्या चाकांची पूजा करायला पोखर्णीला नरसिंहाला गेलो. वाटेत माझ्यासमोर एक पिवळा दिवा लागला. थोडं पुढं गेल्यावर त्याच्या शेजारी दुसरा. वळण आलं की खालून गुरगुर ऐकू यायची, आणि काहीतरी करपल्यासारखा वास. मी म्हटलं, नवीन चाकं आहेत, रुळतील.

मंडळी म्हणाल्या, ‘‘आवो, ते दिवे कशाचे?’’

‘‘मोठ्या गाडीत असतेत तसे.’’

नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, गाडी पुढं घेतली. आणि देवळाबाहेरच्या दुकानातून नरसिंहाचा छोटा फोटो घेऊन बरोब्बर त्या दिव्यांवर चिकटवला. देवाचं दर्शनही झालं आणि दिव्यांची कटकटही गेली. एका दगडात... जाऊ द्या. त्या दगडानं माझंच कपाळ फुटायचं होतं.

न्यायचा दिवस उजाडला. घरी विठ्ठलच्या बायकोला पुरण घालायला सांगून आम्ही दोघं निघालो. चुडाव्याला पोचेपर्यंत गाडीचा गुरगुराट चांगलाच वाढला होता. व्याह्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मागं बघितलं, पुढं बघितलं, मग पुन्हा मागं.

‘‘पाव्हणं, मागून उचलली, लय ब्येस केलं. पर फुडून कामून वाकली?’’

‘‘शर्यतीच्या गाड्या अशाच असतेत,’’ मी ठासून सांगितलं.

अर्चनाची मान अजून खालीच. म्हटलं, थांब पोरी, फाटकापर्यंत थांब.

गावाबाहेर रेल्वेचं फाटक आहे, आणि त्याच्या अलीकडे एक गतिरोधक. गतिरोधक कसला, बांधच तो! येताना आम्ही दोघंच होतो, तिरकी करून कशीबशी निघाली होती. व्याही मुद्दाम मोटरसायकलवर आमच्या मागं आले. निरोप द्यायला म्हणे. त्यांच्यामागे अजून दोन-तीन मोटरसायकली. त्याही निरोप द्यायलाच.

जावईबापूंनी सवयीनं दाराला हात घातला. मी ओरडलो, ‘‘कुणी उतरायचं न्हाई!’’

आणि गाडी घातली.

पुढची चाकं चढली, उतरली. वाकलेलं नाक डांबरात रुतलं, खर्रर्र! मी पाय दाबला. मागची मोठी चाकं ढकलतायत, पुढची काही वेगळंच म्हणतायत. खालून कडाड् असा आवाज आला. धूर आला. आणि गाडी थांबली. ना पुढं, ना मागं. गतिरोधक बरोबर पोटाखाली.

तेवढ्यात फाटक पडलं. आमच्या नाकासमोरून पॅसेंजर हळूहळू गेली. खिडक्यांतून लोक बघतायत, मी समोर बघतोय. फाटक उघडलं. मागं उसाचा ट्रक, दोन जीपा, दूधवाला. सगळ्यांचे हॉर्न!

मंडळी शांतपणे म्हणाल्या, ‘‘आवो, जरा त्यो फोटो काडा बगू.’’

मी फोटो काढला. खाली सगळे दिवे लागले होते. दिवाळी नुसती!

मग सगळे उतरले. अर्चना पदर सावरत रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. जिला उतरू द्यायचं नव्हतं तीच अख्ख्या गावासमोर उभी! मला वाटलं, त्या पॅसेंजरखाली नाही पण निदान तिच्या मागं पळत तरी सुटावं.

व्याही हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी घरचा ट्रॅक्टर मागवला. तो आला. पुढं लहान चाकं, मागं मोठी. मला त्याच्याकडे बघवेना.

साखळी बांधली. जावईबापू शाळेत शिक्षक, माणूस गरीब स्वभावाचा. म्हणाले, ‘‘मामा, चारी चाकं जमिनीवर ठिवून अशी वढू न्हाई म्हणतेत हिला.’’

‘‘जावईबापू,’’ मी म्हणालो, ‘‘ट्रॅक्टरचं आमाला नका सांगू.’’

ट्रॅक्टरनं ओढली. खालून पुन्हा कडाड्! जे काही आत शिल्लक होतं, तेही गेलं.

आता मानवतला जायचं कसं? रेल्वेनं. कोणत्या? जी आमच्या नाकासमोरून गेली ती! त्या दिवशीची इथं थांबणारी शेवटची तीच होती.

म्हणजे मुक्काम व्याह्यांकडे. आणि आमच्याकडे तर नातवंड होईपर्यंत आईबापानं लेकीच्या घरचं अन्न खायचं नसतं. मंडळी पदर तोंडाला लावून कोपऱ्यात बसल्या. विहीणबाईंनी मात्र तोवर पुरण शिजवलं होतं. त्या म्हणाल्या, ‘‘इहीनबाई, घर आमचं हाय, सून आमची हाय. तुमच्या लेकीचं हितं काय हाय? जेवा निवांत!’’ आम्ही पाटावर जाऊन बसलो. भूकही लागली होती.

ताट अर्चनानंच आणलं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. माझ्या घरी जावयासाठी केलेले धोंडे विठ्ठल खात असणार, आणि मी इथं जावयाच्या घरी त्याचेच धोंडे खायला बसलो होतो.

मी हळूच म्हणालो, ‘‘पोरी, तुजी मान खाली घातली गं मी.’’

‘‘घातलीच की,’’ ती म्हणाली. मग अजून एक धोंडा वाढला. ‘‘पर आण्णा, तुमी माज्या घरी कवा जेवला असता? खावा आता.’’

माझे डोळे भरून आले. पुरण गोड होतं का खारट, काही कळलं नाही.

आणि मग व्याही उठले. आतून टॉवेल-टोपी आणली. अधिक महिन्यात ती जावयाला देतात, हे तुम्हाला माहीत आहे. यांनी ती सगळ्यांदेखत माझ्या अंगावर घातली! ‘‘पैला धोंडा हाय, रिकाम्या हातानं कसं लावून द्यावं?’’ जावईबापूंनी टाळ्या वाजवल्या. गरीब स्वभावाचे म्हटलं ना मी? तो शब्द परत घेतो.

गॅरेजवाल्यानं नंतर फोनवर समजावलं. चारही चाकं सारखी नसली की गाडीला वाटतं, चाकं घसरतायत. मग मधली जोडणी सारखी त्यांना सावरत बसते, सावरता सावरता तापते आणि जळते. म्हणजे ती बिचारी बर्फ समजून झुंजत होती, चुडाव्याच्या उन्हात! तो म्हणाला, ‘‘आधीचीच चाकं आणा.’’ विठ्ठलनं ती पोचवली. या खेपेला ट्रॅक्टरचं नाव काढलं नाही.

आणि ती दोन मोठी चाकं? क्रेननं गाडी उचलून गॅरेजला नेताना ती काढून ठेवली होती, ती व्याह्यांच्या अंगणातच राहिली. मी लाजेनं मागितली नाहीत.

परवा चुडाव्याला जायचं होतं. अर्चनाला दिवस गेलेत, आनंदाची बातमी आहे. आम्ही दोघं रेल्वेनं गेलो. स्टेशनाबाहेर व्याही स्वतः न्यायला आले होते, बैलगाडी घेऊन. बघतो तर गाडीला माझी वीस इंची चाकं! वेल्डिंगवाल्याकडून बसवून घेतलेली, ताऱ्यासारखे आरे उन्हात चमकतायत. बैलांच्या शिंगांना गोंडे.

बसलो. काय सांगू, गाडी अशी मऊ चालली की माझ्या त्या गाडीत कधी असं बसलो नव्हतो. फाटक आलं, अलीकडे तोच गतिरोधक. आणि सवय बघा माझी, मी आपला पाय खाली टाकला.

व्याह्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, ‘‘बसून ऱ्हा, पाव्हणं. ह्या गाडीतून उतरावं लागत न्हाई.’’