अम्मा हारूनपुढे पदर घेत नाही

मी शकीला. मस्कतच्या बाहेर माबेल्यात राहते, घरी बसून ब्लाउज आणि अबाया शिवते, आणि माझं डोकं लवकर तापतं हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. त्यामुळे ही हकीकत मी रागानंच सांगणार, गोडगोड ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा.

कॅनडात, आमच्या गावच्या बाबामियाँच्या हॉलमध्ये, गावातल्या पाच घराण्यांची वंशावळ भिंतीवर लावलीय. चांगली काचेच्या फ्रेममध्ये. त्यांच्या पोरानं, हारूननं, अर्धवट सोडलेलं काम बापानं पैसे देऊन पुरं करून घेतलं. त्यात माझी आई कुठे आहे, तर माझ्या वडिलांच्या नावाखाली बारीक अक्षरात, 'हवाबी, पत्नी'. बस, खलास. त्या बाईनं जन्मभर काय केलं ते विचारायला कुणाला सवड झाली नाही. म्हणून मी सांगते.

अम्मा रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या गावातली. माझे बाबा इथून जवळच, बरक्याला, एका अर्बाबच्या शेतावर पंप सांभाळायचे. मालक भला होता, त्यानं बायकोला आणायची परवानगी दिली आणि विहिरीजवळची पत्र्याची खोली दिली. अम्मा खोलीत बसून राहणारी नव्हे. तिनं लिंबं तोडली, टोमॅटोच्या पेट्या भरल्या, खजुराच्या वाळक्या झावळ्या ओढून ओढून हात सोलून घेतले. मला मात्र शाळेसाठी गावी नानीकडे ठेवलं होतं. म्हणजे बरक्यातल्या त्या दिवसांतलं मी डोळ्यांनी काहीच पाहिलेलं नाही. हे ध्यानात ठेवा.

शेजारच्या खोलीत बाबामियाँ आणि त्यांची बायको गुलबानू राहायची. आमच्याच गावची, पण आमचं-त्यांचं रक्ताचं नातं नव्हतं. त्यांना तिथंच मुलगा झाला, हारून. तो रांगायला लागला असेल-नसेल तेवढ्यात बाबामियाँचं कॅनडाचं जमलं. आधी काचेच्या शेडमधल्या टोमॅटोवर मजुरी, मग कारखाना, मग स्वतःचे ट्रक. त्यांच्या मागोमाग गावची आणखी तीन घरं गेली. कुणी शेतावर, कुणी कारखान्यात राबलं आणि तिथंच एकमेकांत सोयरिकी करत राहिलं. गुलबानू तिकडेच वारली, आमचे बाबा इकडे.

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात तो हारून इथं आला. तीस वर्षांचा बाप्या, हातात लॅपटॉप, आणि बोलणं असं नरम की भांडायचं ठरवलं तरी भांडता येऊ नये. त्याला कॅनडातल्या चारी घराण्यांची आणि इथे राहिलेल्या आमच्या घराची मुळं शोधायची होती. कोण कुणाचा, कोण कुठल्या शेतावर होता, कुणाची मुलगी कुणाकडे दिली. मत्रहच्या बाजारातल्या जुन्या दुकानदारांकडे गेला, बरक्याच्या ड्रायव्हरांकडे गेला. सगळे पुरुष बरं का. एकेकाजवळ दुपारभर बसला. आणि अम्माला काय विचारलं? नाव काय, वडिलांचं नाव काय, मुलं किती. अम्मा म्हणाली, "जगलेली दोन." यानं लिहिलं, दोन. मी आणि माझा भाऊ सकलैन. जगलेली म्हणजे काय, हे त्या शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही. मी शेजारीच काजं करत बसले होते, मलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही.

पण एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी खटकली. माझी अम्मा गॅसवाला आला तरी भुवयांपर्यंत पदर ओढणारी बाई. माझ्या नवऱ्याचे मित्र आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारी. ती हारूनपुढे उघड्या डोक्यानं बसली. त्याच्या गालावरून हात फिरवला, घावन नारळाच्या रसात बुडवून स्वतःच्या हातानं त्याला घास भरवला. तो पण लाजत लाजत "माँ, पुरे" म्हणाला. मी अम्माला स्वयंपाकघरात नेऊन झापलं. म्हटलं, "परक्या पोरापुढे असं बसतात का? लाज आहे की नाही?"

अम्मा हसली. म्हणाली, "परका कुठला गं तो?"

मला वाटलं, गावचा म्हणून म्हणते. सोडून दिलं.

माझी मुलगी मुनिबा तेव्हा वीस वर्षांची. इथल्या शाळेत शिकलेली, इंग्रजी फाडफाड, मराठी अडखळत. ती हारूनला नावं टाइप करून द्यायची. मग तो रोज यायला लागला. नावं काही एवढी नव्हती, हे मला कळत होतं. एक दिवस त्यानं आम्हां दोघींना स्क्रीनवर तो चार्ट दाखवला. कॅनडातली चारी घरं एकमेकांत अशी गुंतलेली की मावशी तीच चुलती आणि चुलती तीच सासू. तो म्हणाला, "मला नात्यात लग्न करायचं नाही. आणि अख्ख्या झाडात असं एकच घर आहे, जिथून माझ्यापर्यंत एकही रेघ येत नाही." एवढं बोलून मुनिबाकडे बघितलं. माझी पोर अशी खुलली की मी ते तोंड कधी विसरणार नाही. पोरगा कमावता, नीतीचा, माझ्या मुलीला जपणारा. मला आणखी काय हवं होतं?

अम्मा तेव्हा बरक्याला सकलैनकडे गेली होती, त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला. तिला हे फोनवर काय सांगायचं, समोरासमोर सांगू, म्हणून आम्ही थांबलो. तिकडून बाबामियाँ विमानानं आले. जुम्मेच्या नमाजनंतर सगळे आमच्या हॉलमध्ये बसले. बाबामियाँ, हारून, माझा नवरा. मुनिबा आत चहा करत होती. सकलैन अम्माला घेऊन आला. बाबामियाँना बघितल्याबरोबर अम्मानं पदर कपाळापर्यंत ओढला आणि भिंतीला टेकून बसली.

माझ्या नवऱ्यानं सांगितलं, "अम्मा, हारूनसाठी मुनिबाला मागायला आलेत."

अम्मा आधी हसलीच. "ही कसली थट्टा? मामा-भाचीचा निकाह लावता काय?"

कुणी हसलं नाही. मग तिच्या लक्षात आलं की या माणसांना खरंच काही माहीत नाही. तिनं सांगितलं ते असं. मी गावी असताना तिला बरक्यात एक मुलगी झाली होती, झुबेदा. वीस-पंचवीस दिवसांची होऊन गेली. गावी कुणाला कळवलंच नाही, मलासुद्धा नाही. त्याच आठवड्यात गुलबानू बाळंत झाली आणि तापानं फणफणून इस्पितळात पडली. पोर शेजारच्या खोलीत रडून रडून निळं पडलं. अम्मानं उचललं आणि छातीशी लावलं. गुलबानू घरी आली ती हाडांचा सापळा होऊन, तिला दूध आलंच नाही. सासू गावाकडून नावं ठेवील म्हणून तिनं ते बोलू दिलं नाही. दोघी बायकांनी आपसात निभावून नेलं.

आमच्यात दुधाचं नातं रक्तासारखंच धरतात. जिनं पाजलं ती आई, तिची मुलं भावंडं. तिथे निकाह होत नाही, यात दुसरं मत नाही. आणि पोर कळतं झालं की आईनं त्याला सांगायचंच असतं, तू अमुकीचं दूध प्यायलास. गुलबानूनं सांगितलं नाही. अम्माला वाटलं, सांगितलंय, म्हणून तर पोरगा इतक्या लांबून आपल्याला शोधत आला. आपल्या हातचं खातो, आपल्याला माँ म्हणतो. ते आठवलं की मला अजून कुणाचा तरी गळा धरावासा वाटतो.

बाबामियाँ भडकले. "माझ्या घरात असलं काही झालेलं नाही. मी तिथेच होतो."

"तुम्ही शेतावर होता," अम्मा म्हणाली.

"मग पोरानं वर्षभर खपून एवढं झाड काढलं, त्यात कुठे आहे हे?"

मी म्हटलं, "विचारलंत कुणाला? गावभरच्या दाढ्यांना विचारत फिरलात. त्यांतल्या कुणी पाजलं होतं का याला?"

सकलैननं मला गप्प बस म्हणून खूण केली. मी नाही बसले. पण बाबामियाँनी आता सूर बदलला. एकदम मऊ झाले. "भाभी, जुनी गोष्ट आहे. आपल्या शाफई मतात पाच वेळा पोटभर पाजलं तरच नातं लागतं. तुम्ही दोनदा पाजलं असेल, चारदा पाजलं असेल. नीट आठवा. पोरीचं भलं होतंय."

आणि माझा नवरा, इतका वेळ फरशीकडे बघत बसलेला, तोही म्हणाला, "हो अम्मा, नीट आठवा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याच पोरीचं लग्न मोडत होतं, माझंच काळीज तुटत होतं. पण म्हाताऱ्या बाईला सगळ्यांनी मिळून खोटं बोलायला लावायचं, आणि तेसुद्धा भलाईच्या नावानं?

अम्मा मात्र चिडली नाही. ती म्हणाली, "बाबामियाँभाई, माझी झुबेदा गेली तेव्हा छाती दगड झाली होती. तुमच्या पोरानं ती मोकळी केली. मी काही मोजत बसले नव्हते. पण त्याला दात आले आणि मला चावायला लागला, तेव्हा सोडवला. पाच वेळा दूध पिऊन दात येतात का हो?"

हारून अम्माकडेच बघत होता. बापाच्या बाजूचा पदर तिनं गच्च धरलेला, आणि त्याच्या बाजूनं डोकं उघडं, पांढरे केस दिसत होते. त्यानं हळूच विचारलं, "म्हणून तुम्ही माझ्यापुढे कधी पदर घेतला नाहीत?"

"पोरापुढे कसला पदर," अम्मा म्हणाली.

बाबामियाँ उठले. म्हणाले, "साक्षीदार नाही, काही नाही. एका बाईच्या बोलण्यावर घर मोडायचं? हारून, तिकडे कोण विचारतंय. पोरीला घेऊन जाऊ, तिकडे निकाह लावू." हारून उठला नाही, पण नाही असंही म्हणाला नाही. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला. सगळेच तिकडे बघायला लागले.

दारात मुनिबा उभी होती, हातात ट्रे. कधीपासून ऐकत होती देव जाणे. डोळे सुजले होते, पण ओढणी नीट घेतली होती. बाबामियाँ सगळ्यांत मोठे, चहा आधी त्यांना द्यायचा. ती त्यांच्यासमोरून सरळ पुढे गेली आणि हारूनपुढे वाकली.

"मामू," ती म्हणाली, "चहा घ्या."

त्यानं कप उचलला.