आतलं नको, बाकी सगळं

तापीच्या दोन्ही काठांना हॉट डॉगमधलं आमच्या व्याह्यांएवढं कुणालाच कळत नाही, आणि ज्या हॉट डॉगची ते सगळ्यात जास्त तारीफ करतात, तो त्यांनी जन्मात एकदाही अख्खा खाल्लेला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी चौथीपर्यंत शिकले, मला फुगवून लिहिता येत नाही.

व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. नेपानगरला कागदाच्या कारखान्यात नोकरी केली, रिटायर झाल्यावर बुऱ्हाणपुरात आमच्याच गल्लीत घर घेतलं. त्यांची बायको वारल्यापासून दर रविवारी सकाळी माझ्याकडे चहाला येतात आणि हॉट डॉगवर बोलतात. इंदूरचा म्हणजे गोल पाव, आत बटाट्याची टिक्की, तव्यावर लोण्यात दाबून भाजलेला. खंडव्याला एक गाडीवाला त्यावरच मूठभर शेव टाकतो. "शेव कशाला, विहीणबाई? टिक्की बिघडलेली झाकायला!" एकदा इंदूरला सख्ख्या भाचीच्या लग्नात हे मांडवातून हॉट डॉग खायला सटकले ते अक्षता पडल्यावरच उगवले. नवरीच्या मागे मामा म्हणून शेजाऱ्याला उभं करावं लागलं. भाची अजून बोलत नाही. व्याही म्हणतात, "पण त्या दिवशीची टिक्की!"

पुढे मुलाकडे, म्हणजे माझ्या जावयाकडे, शिकागोला गेले. तिथल्याही हॉट डॉगमध्ये बटाटाच असणार, ही यांची पक्की समजूत. गाडीवर बघतात तर लांबट पाव आणि आत मांसाची लांब नळी. व्याही अंड्यालाही शिवत नाहीत. दुसरा कोणी असता तर मागे फिरला असता. हे मुलाला म्हणाले, "त्याला सांग, आतलं नको, बाकी सगळं घाल." गाडीवाल्यानं म्हणे तीनदा विचारून घेतलं. मग खसखस लावलेल्या पावात पिवळी मोहरी, कांदा, टोमॅटो, लोणच्यातली काकडी, मिरच्या, असं सगळं भरून दिलं. यांनी वर टोमॅटोचा सॉस मागितला तर तो रागावला, शिकागोत हॉट डॉगवर सॉस घालणं म्हणजे पाप म्हणे. तेव्हापासून व्याह्यांच्या मनात शिकागोबद्दल आदर आहे. न्यूयॉर्कलाही जाऊन आले. तिथं आंबट कोबी आणि शिजवलेला कांदा. तोही तसाच खाल्ला, आतलं वगळून. "शिकागोचा म्हणजे भरलेलं ताट, न्यूयॉर्कचा म्हणजे शिफ्टवर न्यायचा डबा," असा निकाल आहे.

मी म्हटलं, "म्हणजे नवरदेव सोडून नुसती वरात बघून आलात."

"मजा वरातीतच असते, विहीणबाई."

या थंडीत लेक-जावई आठ दिवसांसाठी आले. नात नऊ वर्षांची. फोनवर ती "हाय आजोबा" म्हणून पळते, आणि इथं आल्यावर दोन दिवस आईच्या पदराआड. तिसऱ्या दिवशी व्याही माझ्या ओट्यावर येऊन बसले. चहा नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं.

"तिला माझ्या हातचं काहीतरी आवडलं पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर मी तिच्या लेखी फोनमधलाच म्हातारा राहीन."

मग बुऱ्हाणपूरचा हॉट डॉग करायचं ठरलं. बेकरीवाल्याला लांब पाव सांगितला. तो म्हणाला, "चाचा, ये पाव है या चप्पल?" व्याही म्हणाले, "चप्पल ही समझो, मगर ऊपर खसखस लगाओ." आत घालायला आमच्या मळ्यातली कच्ची केळी. पट्टी घेऊन एकेक मोजत बसले. वाकडं नको, सरळच हवं. मी म्हटलं, "सरळ हवं तर तुमच्या कारखान्यातून पाडून आणा." शेवटी त्यातल्या त्यात सरळ केळी निवडली, उकडून, मसाला लावून अख्खी तळली. वर कुटलेली मोहरी, कांदा, टोमॅटो, काकडी. मिरची पोरीसाठी गाळली.

नातीपुढे ताट ठेवलं. व्याही खांद्यावरचा पंचा पिळत उभे. पोरीनं पाव उघडला, आत बघितलं, दोन बोटांनी केळं उचलून ताटाच्या कडेला ठेवलं आणि बाकीचा पाव मोहरीसकट संपवला. बोटं चाटली. "आजोबा, आतलं नको. बाकी सगळं मस्त. उद्या पण?"

लेक रागवायला तोंड उघडते तोच व्याह्यांनी हात वर केला. "बोलू नकोस तिला. माझ्यावर गेलीय." आणि डोळे पुसत आत गेले. म्हणाले, मिरची गेली डोळ्यात. मिरची घरात चिरलीच नव्हती.

राहिलेले चार दिवस पोरगी त्यांच्या चुलीशीच होती. जाताना मला हात हलवला आणि त्यांच्या गळ्यात पडली. मला राग आला नाही असं नाही.

आता रविवारी व्याही दोन लांब पाव भरून घेऊन येतात. फोन मधे उभा करतात, तिकडून नात विचारते, आज वर काय घातलं? हे कांद्यापासून सुरुवात करतात. बोलता बोलता आपल्या पावातलं केळं काढतात आणि माझ्या ताटात ठेवतात. केळं चांगलं असतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. खाते.