रुमालाबाहेरचा सौदा

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, एकमेकांचा हात धरतात, वरून रुमाल टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून भाव सांगतात. भोवती कितीही गर्दी असो, आकडा त्या दोघांनाच कळतो. तोंडं मात्र अशी, की जणू पाऊसपाण्याचं बोलणं चाललंय. या रुमालाखाली माझं आयुष्य गेलं, आणि चांगलं गेलं. कंधारच्या बाजारात आजही एखाद्या नव्या व्यापाऱ्याला माझ्याशी सौदा करायचा असला की तो आधी चहा पिऊन येतो.

आम्हाला हेडी म्हणतात. म्हणजे जनावरांचा व्यापारी, पण लोक तो शब्द शिवीसारखा उच्चारतात. हेडी खरं बोलत नाही, असा समज. म्हाताऱ्या बैलाची शिंगं घासून त्याला तरुण करायचं, मारक्या बैलाला बाजाराच्या दिवसापुरता गोगलगाय करायचं, ही विद्या माझ्या डोळ्यांदेखत लोकांनी केली. मी केली नाही. माझा बाप मिशनच्या आवारात गवत कापायचा. त्याने मला जमीन दिली नाही, दुकान दिलं नाही. एवढंच सांगितलं, की ख्रिस्ती माणसाचं होय हे होय असावं आणि नाही हे नाही. दुसऱ्यांची गुरं पायी बाजाराला हाकत नेण्यापासून मी सुरुवात केली. आज नांदेडात घर आहे, स्वतःचा पिकअप आहे, लाल कंधारी बैलांची दावण आहे. हे सगळं मी एका रीतीवर उभं केलं. रुमाल टाकण्याआधी बैलाची खोड मोठ्याने सांगायची. दहा माणसांना ऐकू जाईल अशी.

सुरुवातीला बाजार हसला. शेजारच्या दावणीवरचा एक मामू मला रोज छेडायचा, "क्या रे येशूवाले, तुमचा प्रभू तर गाढवावर बसून फिरला. तुला बैलाचं काय कळतंय?"

"म्हणूनच मामू," मी म्हणायचो, "गाढव दिसलं की लगेच ओळखतो."

तो मामू पुढे स्वतःच्या जावयाला बैल घ्यायला माझ्याकडे घेऊन आला. खोड सांगून विकलेल्या बैलाचं भांडण घरी येत नाही, आणि गिऱ्हाईक पुन्हा येतं. हा देवाचा धाक आहे की धंद्याची अक्कल, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, दोन्ही. देवाने अक्कल काय गहाण ठेवायला दिली आहे?

आता ज्याने माझं डोकं पाच-सहा वर्षं तापवलं ते सांगतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तेही हेडीच, पण लातूरकडचे. अहमदपूरला राहतात, देवणी जातीचे बैल आणतात. एके वर्षी धर्माबादच्या एका शेतकऱ्याने माझ्याकडून बैल घेतला. बैल बुजरा होता. ट्रॅक्टरचा आवाज आला की उधळायचा. ते मी नेहमीप्रमाणे ओरडून सांगितलं होतं आणि दाजी माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते. पुढे व्हायचं तेच झालं. बैल उधळला, गाडी नाल्यात गेली. तो शेतकरी भर बाजारात माझ्यावर धावून आला. म्हणाला, "खोड सांगून विकतो म्हणे! मला एक शब्द बोलला न्हाई ह्यो."

त्या दिवशी ऐकणारे बाकीचे कधीच पांगले होते. बाजारातले जाणते म्हणाले, दाजी तिथंच होते, त्यांना विचारा. सगळ्यांनी दाजींकडे बघितलं. मीही निवांत बघितलं.

दाजी म्हणाले, "गर्दी व्हती. मला काय ऐकू आलं न्हाई."

बास. मी सांगितलं नाही असंही म्हणाले नाहीत, फक्त ऐकलं नाही म्हणाले. मी बैल परत घेतला, तर तेच माझ्याविरुद्ध पुरावा झालं. आणि पुढच्या बाजाराला तो धर्माबादचा शेतकरी दाजींच्या दावणीवरून जोडी घेऊन गेला. काय समजायचं ते मी समजलो.

आमच्यात दाजींना अहो-जाहो करतात. रागाच्या भरातही मी अहोचं अरे केलं नाही. बोलणंच बंद केलं. बहिणीच्या घरी जाणं बंद झालं. नाताळला ती करंज्या-चकल्यांचा डबा एसटीच्या कंडक्टरकडे देऊन पाठवायची, माझी बायको तोच डबा भरून परत पाठवायची. डबा वर्षातून एकदा अहमदपूरला जाऊन यायचा. मी नाही.

खरी अडचण चर्चमध्ये होती. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरस देण्याआधी पाळकसाहेब मंडळीला विचारतात, "कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर त्याने आधी जाऊन मिटवावं, मग या मेजाशी यावं." बहुतेक सगळे उठतात. त्या वेळी बघावं तर अख्ख्या मंडळीत कुणाचं कुणाशी वाकडं नसतं. मग बाहेर चपला घालताना कळतं कोण कुणाशी बोलत नाही ते.

मी उठत नव्हतो. पाच-सहा वर्षं, प्रत्येक पहिल्या रविवारी, बाकावर एकटा बसून राहायचो. लोक मागे वळून बघायचे. बघू देत. मनात गाठ असताना हात पुढे करायचा, हे माझ्या लेखी खोड लपवून बैल विकण्यासारखं होतं. बायको ओळीत जायची आणि परत येऊन शेजारी बसायची. तिला याची लाज वाटत होती, मला नाही.

एकदा रिक्षात ती म्हणाली, "एवढी वर्षं दाजींची खोड सांगून राहिलात. घेणारं कोण हाय?"

"काय म्हणालीस?"

"गिऱ्हाईक न्हाई म्हणते मी. बंद करा दुकान."

मी रिक्षा थांबवून उतरलो आणि घरापर्यंत चालत गेलो. रिक्षावाला मात्र हसत होता, ते मला अजून आठवतं.

गेल्या पोळ्याआधीच्या बाजाराची गोष्ट. सकाळी मी माझी जनावरं उतरवून बाजाराजवळच्या ओढ्याकाठी उभा होतो. समोरून दाजी येताना दिसले. एका हातात काठी, गुडघा दुखत असावा, आणि एकच देवणी बैल. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, वशिंड भरलेलं. ओढ्याशी आल्यावर बैल थांबला. पाणी घोट्याएवढं, पण हा पाऊल टाकेना. दाजींनी दावं ओढलं, चुचकारलं, शिव्या दिल्या. मग कुणाचा तरी बैल पुढे गेला तसा हाही त्याच्या मागे मुकाट्याने निघाला. मी बघितलं आणि तोंड फिरवलं.

दुपारपर्यंत दाजींच्या बैलापाशी कुणी टिकेना. त्यांनी मधल्या काळात मोबाईलवर व्हिडिओ दाखवून बैल विकायचा नाद केला होता, आणि व्हिडिओतला बैल दारात आल्यावर वेगळाच निघतो अशी बोंब झाली होती. त्यांचा शब्द बाजारात पडला होता. मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही.

तेवढ्यात मुदखेडकडची एक बाई आली. बैलबाजारात बाई क्वचित दिसते. नवरा वारलेला, शेती स्वतः करते. तिच्या देवणी जोडीतला एक बैल लंपीच्या रोगाने गेला होता आणि दुसऱ्याला जोड हवा होता. दाजींचा बैल तिच्या बैलाला रंगाने-उंचीने अगदी शोभला असता. दाजींनी सवयीने रुमाल काढला आणि तिथेच अवघडून थांबले. परक्या बाईचा हात रुमालाखाली कसा धरायचा?

"रुमाल ठेवा खिशात," बाई म्हणाली. "मी काय तुमच्याशी लगीन लावाया आले न्हाई. भाव तोंडानं बोला."

लोक हसले आणि गोळा झाले. बाजारातला सौदा तोंडाने ऐकायला मिळतोय म्हटल्यावर कोण हलतो? दाजींनी भाव सांगितला. बाई बैलाभोवती फिरली, दात बघितले, खूर बघितले. मग म्हणाली, "ह्याची खोड काय?"

"खोडबिड काय न्हाई. सोनं हाय."

"हेड्याचं सगळंच सोनं असतंय." तिने गर्दीवर नजर टाकली. "ते खोड सांगणारे दादा कोणते?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बाई सरळ माझ्यासमोर आली. "तुम्ही सांगा, दादा. बैल घेऊ का नको?"

दाजी माझ्याकडे बघत होते. मला काहीच करायचं नव्हतं. 'मला ठाव न्हाई' एवढंच म्हणायचं. बैल वाईट आहे असंही नाही, फक्त ठाऊक नाही. त्यांनी जे मला दिलं होतं तेच, त्याच मापाने परत. बाई निघून गेली असती, तिच्या मागून बाजार निघून गेला असता, आणि गुडघेदुखीचा तो माणूस बैल घेऊन आला तसा परत गेला असता. तो घास तोंडापर्यंत आला होता, हे कबूल करायला मला काही वाटत नाही. पण 'ठाव न्हाई' म्हटलं असतं तर दाजींची खोड माझ्या अंगाला लागली असती. त्यांच्यापायी मी माझी रीत का सोडू?

मी बैलाजवळ गेलो, दावं हातात घेतलं आणि नेहमीसारखा ओरडलो, "बैल चांगला हाय! औताला बसत न्हाई, मारका न्हाई. पायात बळ हाय. खोड एकच, पाण्याला थांबतो. एकटा ओढा उतरायचा न्हाई. दुसरं जनावर पुढं घातलं की मागं येतो. मी सकाळी डोळ्यानं बगितलं."

बाई विचारात पडली. मग म्हणाली, "माझा पहिला बैल पाण्यात म्हशीवानी शिरतो. त्याच्यामागं येईल ह्यो." तिने भाव थोडा उतरवून मागितला, दाजींनी कुरकुरत मान डोलावली. बैल गेला.

मला वाटलं दाजी आता काहीतरी बोलतील. बोलले. चहाच्या टपरीवर मला गाठून म्हणाले, "पाण्याचं सांगायची काय गरज व्हती रे? भाव पाडलास."

माझं डोकं असं फिरलं की हातातला चहा सांडला. "तुमच्या तोंडावर आज एकाही माणसाचा विश्वास नव्हता, दाजी! माझ्या तोंडावर बैल गेला तुमचा! त्या धर्माबादवाल्याच्या टायमाला एक शब्द बोलला असता तर तुमची जीभ झडली असती का?" अजून बरंच बोललो. टपरीवाल्याने घाबरून गॅसच बंद केला.

दाजी बाकड्यावर टेकले. मग हळूच, मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाले, "सांगितली व्हतीस तू खोड. मी ऐकली व्हती."

"मोठ्यानं बोला."

ते गर्दीकडे एक नजर टाकून गुडघा चोळत बसले.

मी आयुष्यभर सौदे केले. समोरच्याकडे शेवटचं किती शिल्लक आहे हे मला चेहऱ्यावरून कळतं. भर बाजारात माफी मागण्याएवढं त्या माणसाजवळ नव्हतं. जे होतं ते त्यांनी काढून पुढे ठेवलं होतं. मी मागत होतो त्याच्या पाव हिस्साही नव्हतं. माझ्यासारख्याने अशा भावाला बैल कधीच सोडला नसता. पण हे वाकडं घरी परत न्यायचं म्हणजे त्याला पुन्हा वैरण घालायची, पुन्हा सांभाळायचं. मी हात पुढे केला. वर रुमाल नव्हता. सगळ्या टपरीने बघितलं.

"उठा," मी म्हणालो. "पिकअपनं सोडतो. बस मिळायची न्हाई आता."

अहमदपूरला पोचलो तर बहीण दारात शेंगा फोडत बसली होती. आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "का रे, डबा न्यायला कंडक्टर मिळाला न्हाई का?" आणि शेंगांचं सूप बाजूला ठेवून आत पाणी आणायला गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. माझा राग संपला होता का? नाही. आजही दाजींचं ते 'ऐकू आलं न्हाई' आठवलं की कानशिलं तापतात. पण राग आणि वाकडं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सौदा झाला होता, हात दिला होता, आणि दिलेला हात मी कधी मागे घेतलेला नाही. मी उठलो. बाकाने मोठा आवाज केला. पुढच्या रांगेतले सगळे वळून बघायला लागले. ओळीत बायको उभी होती, तिच्या शेजारी मंडळीतले एक म्हातारे गृहस्थ, माझ्या बापाबरोबर गवत कापलेले. ते डोळे बारीक करून कुजबुजले, "तू? आज?"

"सरका जरा," मी म्हणालो, आणि बायकोशेजारी उभा राहिलो.