काढ्याचा हात, पाण्याचा हात

नवऱ्याच्या आतड्यातला कॅन्सर कापून काढला आणि किमोच्या गोळ्या सुरू झाल्या. ऑकलंडला येऊन आम्हाला तेव्हा चार वर्षं झाली होती. पहिल्याच भेटीत नर्सने त्याचे तळहात उलटसुलट पाहिले आणि बजावलं, या गोळ्यांनी कातडी सोलवटते. फार सोलवटली तर गोळ्या थांबवाव्या लागतील. पोटात कुठे काही उरलंसुरलं असेल तर ते मारायला आमच्याकडे त्या गोळ्यांशिवाय काही नव्हतं.

मी स्वतः फार्मसिस्ट. याच गोळ्या मी कित्येकांना दिल्या होत्या, सोबत क्रीमची ट्यूब देऊन "यूज हीप्स ऑफ इट," भरपूर लावा, असं म्हटलं होतं, आणि तरीही बँडेज बांधून परत आलेले हात पाहिले होते. म्हणून माउंट वेलिंग्टनमधल्या एका चिनी औषधांच्या दुकानात त्याला ओढत नेलं. "हात दाखवून अवलक्षण," तो हसून म्हणाला, पण आला. दुकानातल्या म्हाताऱ्या बाईने त्याची जीभ पाहिली, मग खणांतून वाळकी फुलं, साली, मुळ्या काढून तोलल्या. उकळायचं, गार करायचं, सकाळ-संध्याकाळ त्यात हात बुडवायचे, प्यायचं नाही. निघताना तिने स्वतःचे दोन्ही पंजे वर धरून दाखवले. डॉक्टरांना विचारलं; वरून लावायला त्यांची हरकत नव्हती.

पण माझ्यातली शहाणी गप्प बसेना. दोन्ही हात चांगले राहिले तर ते काढ्यामुळे की नशिबाने, हे कसं कळणार? "एक काढ्यात, एक साध्या पाण्यात," मी ठरवलं. "जेवायचा हात आधी वाचवू." तो इंजिनिअर, त्याला लगेच पटलं. उजवा काढ्याचा झाला, डावा पाण्याचा.

गोळ्यांच्या दुसऱ्या फेरीत डावा लाल झाला. तिसऱ्या फेरीत त्याची कातडी ताणली गेली, चकाकायला लागली आणि तळव्यावरच्या रेषा एकेक करून पुसल्या गेल्या. उजवा काढ्याने तपकिरी झाला होता, पण धड होता. दुपारी तो खिडकीशी उन्हात डुलकी घ्यायचा तेव्हा मांडीवर दोन माणसांचे हात ठेवल्यासारखे दिसायचे. एक माझ्या नवऱ्याचा. दुसरा कोणाचा ते मला सांगता आलं नसतं. स्वयंपाक करताना तो हात मागून खांद्यावर पडला की मी दचकायचे. गुळगुळीत, गरम, कसलीच खूण नसलेला. मला त्याची भीती वाटायची, किळसही यायची. आज कबूल करायला काय हरकत आहे.

नवऱ्यासोबत कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला जाताना आमची लेक त्याला वळसा घालून उजव्या बाजूला जायची. मी कारण विचारलं तर म्हणाली, "द अदर वन इजन्ट बाबा." मी तिला रागावले.

एकदा तो म्हणाला, "अगं, आता डावाही काढ्यात घालू का? फार आग होते."

"आठवडाभर थांब ना," मी म्हणाले. "फरक नीट दिसू दे." नव्या डिजिटल कॅमेऱ्याने मी रोज दोन्ही तळव्यांचे फोटो काढत होते. तो थांबला. रोज सकाळी मुकाट्याने डावा हात साध्या पाण्यात धरून बसला.

पुढच्या भेटीला नर्सने हात मागितले. डाव्या अंगठ्याखाली कातडी फाटून लस येत होती. मी घाईघाईने त्याचा उजवा पुढे ओढला, फोटो दाखवले, काढा, पाणी, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"वी गो बाय द वर्स्ट हँड," ती म्हणाली.

जास्त बिघडलेल्या हातावरूनच गोळ्यांचं ठरतं, हा नियम मला ठाऊक होता. इतरांना मीच तो समजावून सांगितला होता. माझ्या घरात तो मला एकदाही आठवला नाही. त्या दिवसापासून गोळ्या बंद झाल्या; जखम भरल्यावर बघू, आणि तेव्हाही डोस कमीच ठेवू, असं ठरलं.

गाडीत त्याला पट्टा लावता येईना, मी लावून दिला. मग त्याने विचारलं, "काय गं, कळलं ना तुला? लागू पडतं ना औषध?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी हो म्हणाले आणि गाडी सुरू केली.