डोमा नावाड्याचा आवाज

तिसऱ्या भागातल्या त्या पानावर राजकन्या नावाड्याला म्हणते, "पहिल्याच दिवशी ओळखलं होतं मी तुम्हाला. इतकं स्वच्छ, दरबारी बोलणारा नावाडी असतो का कुठे?"

माइकसमोर मी हे वाक्य चांगलं हळव्या आवाजात वाचलं. मग थांबलो. कारण गेले दोन भाग मी त्या नावाड्याला "हाय", "न्हाय" आणि "व्हय" करत बोलवत होतो, आणि ते दोन्ही भाग ॲपवर येऊन लोकांच्या कानांत गेलेले होते.

माझा धंदा पुस्तकं वाचण्याचा. म्हणजे मी ऑडिओबुकचा नॅरेटर. आधी नाटकांत किरकोळ कामं करायचो, ती सुटली, आवाज राहिला. नागावला आमच्या घरामागे नारळाच्या वाडीत जुना गोठा आहे. त्याच्या भिंतींना आतून गाद्या ठोकून मी स्टुडिओ केलाय. सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावरच्या गाड्यांची घरघर येते आणि छपरावर नारळ पडला की तो टेक बाद. बाकी जागा झकास.

हातात होती चार भागांची अद्भुत कादंबरी. एकेक भाग उशीएवढा. सात बेटं, काळी नदी, बोलणारे कावळे आणि राज्य सोडून बेपत्ता झालेला राजा. अशी पुस्तकं चवीचवीने वाचावीत, असं जाणकार म्हणतात. मी ती धावत वाचतो, आणि त्याचा मला अभिमानही होता. आमच्याकडे पैसे मिळतात ते तयार झालेल्या ऑडिओच्या तासावर. आधी घरी बसून पुस्तक वाचलं तर त्याचं कुणी काही देत नाही. म्हणून बरेचजण पुस्तक न वाचताच माइकसमोर उघडतात आणि डोळे तोंडाच्या एक ओळ पुढे ठेवून चालू लागतात. याला 'कोल्ड रीड' म्हणतात. मोठ्या कादंबरीत कोल्ड रीड कधीही करू नये, असं मी वर्कशॉपमध्ये नव्या मुलांना फार कळकळीने सांगतो.

पहिल्या भागात डोमा नावाचा हा नावाडी आला. लेखकाने त्याच्या तोंडी साधी, शुद्ध वाक्यं घातली होती. मला वाटलं, लेखक शहरातला असणार, नावाडी कसा बोलतो हे त्याला काय ठाऊक. तेव्हा मी सुधारणा केली.

माझी सासुरवाडी उरणकडची. सासऱ्यांचं आयुष्य मिठागरावर गेलं. बोलताना वाक्याच्या शेवटी त्यांचा सूर वर चढायचा, मधेच घसा खाकरायचे, "न्हाय" म्हणताना नाकातून हसायचे. लग्न झाल्यापासून मी मित्रांत त्यांची नक्कल करून दाखवत आलोय. हमखास हशा. तीच ढब मी डोमाला दिली. कंपनीच्या प्रोड्यूसर राधिका मॅडम, वयाने माझ्या मुलीएवढ्या, फोनवर खूप हसल्या. "सर, हे ठेवाच. रूरल टच मस्त आलाय." पुढचं त्यांनीही वाचलेलं नव्हतं.

त्याआधी काही महिने सासऱ्यांना पक्षाघात झाला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज यायचा. मग त्यांनी तोही काढणं बंद केलं. माझा मेहुणा हरी बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवतो. गेटबाहेरच्या रांगेत तासन्‌तास उभं राहावं लागतं, तेव्हा तो माझी पुस्तकं ऐकतो. एका संध्याकाळी त्याने वडिलांच्या खाटेवर फोन ठेवून डोमा लावला. मग मला फोन केला.

"दाजी, बाबा हसलं."

"म्हणजे?"

"म्हंजे हसलं. नाकातून. अंग गेल्यापासनं पयल्यांदा. त्यांनी वळखलं, कुनाचा आवाज हाय तो."

माणसाच्या पाठीमागे केलेली नक्कल थेट त्याच्या उशाशी जाऊन बसली होती. पण मामा, म्हणजे माझे सासरे, रागावले नव्हते. त्यानंतर रोज संध्याकाळी हरी त्यांना थोडंसं ऐकवू लागला. थोडंसंच. आवडलेला तुकडा पुन्हा, कधी तिसऱ्यांदाही. कावळे आणि राजकन्या चालू असताना मामा डोळे मिटून पडायचे. डोमाने तोंड उघडलं की तेही डोळे उघडायचे. माझी बायको सुनंदा माहेरी जाऊन आली आणि म्हणाली, "स्वयंपाकघरात होते, आणि बाबा बाहेर कुणाशी बोलतायत असं वाटलं." एवढंच म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

तर आता त्या आवाजाचं काय करायचं, हा प्रश्न होता. मी राधिका मॅडमना फोन लावला.

"मॅडम, एक घोळ झालाय. डोमा राजा निघाला."

"म्हणजे?"

वाचून दाखवलं.

"सर, तुम्ही पुस्तक वाचलं नव्हतं?"

"वाचतोच आहे की. मोठ्याने."

या वेळी त्या हसल्या नाहीत. "अख्खं रहस्य त्याच्या बोलण्यावर उभं आहे. दोन्ही भागांतली त्याची सगळी वाक्यं परत करावी लागतील. क्लीन. येत्या सोमवारी जुन्या फाईल उतरवून नव्या चढवू. रीटेकचे पैसे मिळणार नाहीत. आणि चौथा भाग तुमच्याकडे ठेवायचा का, ते त्यानंतर बघू."

"जुन्या फाईल राहू द्या की एका बाजूला. कुणाला हव्या असल्या तर."

"कोणाला हव्या असतील, सर?"

माझ्या सासऱ्यांना, असं म्हणायचं तोंडावर आलं होतं. म्हणालो, "नाही, सहजच."

मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे राहत नाही. सगळं थेट कंपनीकडे जातं, करारच तसा आहे. मी गोठ्यात बसून डोमाचं एकेक वाक्य पुन्हा बोलू लागलो. याला 'पंच-इन' म्हणतात. जुन्या वाक्याच्या जागी नवं असं बसवायचं की सांधा कळू नये. हे काम मी फार सफाईने करतो. सासऱ्यांचं घसा खाकरणं काढलं, नाकातलं हसणं काढलं, वर चढणारा सूर सपाट केला. डोमा सभ्य झाला.

मधल्या दिवसांत हरीला फोन केला. "कुठवर आलंय तुमचं?"

"पयल्या भागाचं निम्मं झालं न्हाय अजून."

"जरा उरका की. दीडपट वेगाने लाव. दुसरा भाग रविवारपर्यंत संपव."

"दीडपट? बाबांना काय गाडी पकडायचीय?"

"पुढे नावाड्याचं मोठं काम आहे म्हणून म्हणतो."

"मंग तर सावकाशच ऐकू. आनि दाजी, पुढचं सांगू नका बरं का. तुमाला सवय हाय."

खरं कारण मी सांगितलं नाही. रहस्य फुटू नये म्हणून, अशी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे तुझ्या बापाची बोली राजाला शोभत नाही म्हणून खरवडून काढतोय, हे मेहुण्याला कुठल्या तोंडाने सांगायचं, ते मला कळेना. एका फोनवर लावून दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करून ठेव, एवढं सांगितलं असतं तरी काम झालं असतं. जन्म आवाजाच्या धंद्यात काढलेल्या माणसाला हे फाईल बदलल्यानंतर सुचलं.

सोमवारी फाईल बदलल्या, त्याच आठवड्यात शहाळी घेऊन मी उरणला गेलो. हरी नुकताच ड्यूटीवरून आला होता. हातपाय धुऊन त्याने वडिलांना उशीला टेकवून बसवलं आणि फोन लावला. कावळे बोलले. राजकन्या घाटावर आली. मामांनी डोळे उघडले. डोमा म्हणाला, "बसा, नदी शांत आहे."

मामा वाट बघत राहिले. डोमा आणखी चार वाक्यं बोलला, स्वच्छ, दरबारी. मामांनी फोनकडे बघितलं, मग हरीकडे.

"बिघडलं वाटतं," म्हणत हरीने मागे घेतलं. पुन्हा तेच. मागचं प्रकरण लावलं, परवा ऐकलेलं. तिथेही तेच.

मग मला सांगावंच लागलं. हरी खाटेच्या कडेला बसून ऐकत होता.

"म्हंजे नावाडी राजा हाय?"

"हो."

"नि राजा हाय म्हनून आमच्यासारका बोलत न्हाय."

"मी नाही रे बदललं. पुस्तकातच तसं आहे."

"पुस्तकात तसं व्हतं, मंग पयल्यांदा आमच्यासारका का बोलवला?"

"तेव्हा मला वाटलं, तो नुसता नावाडी आहे."

बोलून गेलो आणि मग मलाच ते ऐकू आलं. मामांना वाचा नव्हती, पण कान शाबूत होते.

"मामा, मी वाचून दाखवतो," मी म्हणालो. पुस्तक पिशवीत होतं. डोमाचं पान काढलं, घसा खाकरला आणि सुरुवात केली. सूर चढला, पण चुकीच्या जागी. नाकातून हसायला गेलो तर सर्दी झाल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मित्रांत ज्यावर टाळ्या घेतल्या ते मला त्या खाटेसमोर बसून येईना. नक्कल आदराने करता येत नाही, हे त्या दिवशी कळलं. मामांनी डावा हात थोडा उचलला. पुरे, असा.

हरी मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आला. वाटेत एकदाच बोलला. "तुमचं ऐकून दीडपट लावलं असतं तर बरं झालं असतं. आमी चाखत बसलो."

चौथा भाग मलाच मिळाला. तो मी रेकॉर्डिंगच्या आधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, पेन्सिल घेऊन, सावकाश. त्यात डोमा मरतो. मरतानाही तो फार स्वच्छ बोलतो, आणि ते मी तसंच वाचलं. राधिका मॅडम म्हणाल्या, आजवरचं तुमचं सगळ्यात चांगलं काम. मामांनी त्यानंतर पुस्तक लावू दिलं नाही. हरी आता रांगेत क्रिकेटची कॉमेंट्री ऐकतो.

स्वतःसाठी वाचणाऱ्याने धावत वाचावं, चाखत वाचावं, पुस्तक तोंडावर घेऊन झोपावं. कुणाचं काही जात नाही. दुसऱ्यासाठी वाचणाऱ्याने मात्र आधी एकदा गुपचूप शेवटापर्यंत जाऊन यावं, पैसे मिळोत न मिळोत. आणि ऐकणाऱ्याला एखादा आवाज आवडलाच, तर त्याने तो उद्यासाठी फार राखून ठेवू नये.