मेधाचं वटवाघूळ

फोन आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. मेधाच्या प्रयोगशाळेतला विवेक बोलत होता, हिंदीत. "आंटीजी, मेधा मैम नहीं रहीं." कामावर असतानाच हृदय बंद पडलं म्हणे. चाळिशीतली पोर! मी त्याला दोनदा विचारलं, कुठली मेधा?

मेधा नागपूरची. बंगळुरात, बनशंकरीतल्या आमच्या घराच्या माडीवर बरीच वर्षं भाड्यानं राहिली. आमची मराठी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, कानडीत भिजलेली. मी "स्वल्प थांब" म्हटलं की तिला हसू फुटायचं. यजमान गेल्यापासून मराठीत बोलायला मला तीच काय ती होती. रात्री जेवायला खाली यायची आणि कामाचं सांगत बसायची. उंदराच्या आणि वटवाघळाच्या मेंदूत कुठली पेशी कुठे जोडलेली आहे, ते ती शोधत होती. त्यासाठी मेंदूचे तुकडे करून कुटायचे! मी भडकलेच. "अगं बाई, एवढी नाजूक जाळी, तिची चटणी करतेस?"

"आधी नाव देते ना अक्का, मग वाटते."

म्हणजे प्रत्येक पेशीत जनुकीय अक्षरांची एकेक वेगळी खूण सोडायची. ती खूण पेशीच्या धाग्यातून टोकापर्यंत जाते. मग कुठल्या तुकड्यात कुठली खूण आहे ते यंत्र वाचतं आणि धागा कुठवर गेला ते कळतं. मेधाला एकच जाणून घ्यायचं होतं… अंधारात कानांनी वाट काढणाऱ्या वटवाघळाला उत्क्रांतीनं मेंदूत नवे रस्ते दिले, की जुन्याच रस्त्यांवर धागे वाढवले?

गेल्या वर्षी घोटाळा झाला. दोन तुकडे कापताना मध्ये पातं बदलायचं तिच्याकडून राहिलं. एकाच्या खुणा दुसऱ्यात मिसळल्या, सगळी मेहनत पाण्यात. कुणाला कळलंही नसतं. तिनं स्वतःच प्रयोगशाळेत सांगितलं. जेवण टाकून बसली, मग म्हणाली, "पुन्हा करते. वेळ आहे." कुठला आलाय वेळ! त्या पात्यावर माझा अजून राग आहे.

परवा विवेक घरी आला. मेधाचं राहिलेलं काम त्यांनी पुरं केलं होतं, उत्तर लागलं होतं. नवा रस्ता एकही नाही; जुन्याच वाटा, धागे मात्र दाट. चहा घेऊन तो गेला.

मी माडीवर गेले. खोली अजून कुणाला दिलेली नाही. तिच्या खुर्चीसमोर बसून सगळं सांगितलं, मराठीत, मोठ्यानं. ती असती तर तिनं लगेच पुढचा प्रश्न विचारला असता. मी वाट पाहिली… तो प्रश्न कोणता, ते मला काही सुचेना.