तीन फुटांचा बोळ

गडहिंग्लजच्या स्टँडवर एसटी सुटायच्या वेळी आबांनी खिडकीतून हात घालून माझ्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड टाकलं. त्यांचा ओळंबा. आबा गवंडी, भिंत सरळ उठलीय का, ते आयुष्यभर त्यांनी दोरीला बांधलेल्या त्या लोखंडानं बघितलं. मी आर्किटेक्ट होऊन सिंगापूरला निघाले होते.

"आबा, तिथं सगळं कंप्युटरवर असतंय."

"आसंना की. कंप्युटरला वाकडी भिंत दिसतीय व्हय?"

आई पदर तोंडाला लावून उभी होती. गाडी हलली तेव्हा मी रडले नाही. संकेश्वर येईस्तोवर मात्र फडकं भिजलं होतं.

तुमच्यातले जे बाहेर पडले, त्यांना सांगायला नको. इथं तेविसाव्या मजल्यावर बसून मी सहा वर्षांत कागदावर काढलं काय, तर टॉवरचे जिने, लिफ्टचे शाफ्ट आणि टॉयलेटं! गावात आबा सांगत फिरतात, "आमची सुमी तिकडं बिल्डिंगा बांधती." सांगू देत बापडे.

मग जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधलेल्या आबांनी एकदाचं स्वतःचं पक्कं घर बांधायचं ठरवलं. प्लॅन सुमीच काढणार, हा हट्ट. मी जीव ओतला. ओपन किचन, भरपूर उजेड, दोन गाड्यांचं पार्किंग. गाडी एकही नव्हती, तो भाग वेगळा.

आबांकडं प्लॅन कागदावर पास होत नाही. ते फक्कीच्या पांढऱ्या रेघांनी अख्खं घर जमिनीवर आखतात आणि घरच्यांना त्यात वावरायला लावतात. मी व्हिडिओ कॉलवर बघत होते. आई रेघांच्या स्वयंपाकघरात गेली, हात लांबवून खोटं खोटं पातेलं उतरवलं आणि म्हणाली, "बरं हाय." मी फुगले. तेवढ्यात आबा म्हैस घेऊन आले. मागच्या गोठ्याकडं जायचा बोळ मी तीन फुटांचा धरला होता. म्हशीची शिंगं दोन्हीकडच्या भिंतींतून आरपार! शेजारी हसून लोळले. म्हशींच्या धारा काढत मी वाढले, आणि घर काढताना म्हैसच विसरले.

मला राग आला. "मग ती गेस्ट रूम दोन फूट कमी करा," मी ओरडले.

आबांनी विचारलं, "पावण्याची खोली? आपल्याकडं एवढं कोण पावणं येणार हाय?"

"माझ्यासाठी आहे ती. मी आले की."

कुणी हसेना. आई रेघांच्या आतून बाहेर आली. ऑफिसातल्या प्लॅनवर गेस्ट रूम वाचून वाचून हाताला तेच वळण पडलेलं, बाकी काही नाही, असं मी स्वतःला समजावते. ते मला अजून पटलेलं नाही.

आबांनी पायानं एक रेघ पुसली. माझ्या खोलीची नव्हे, स्वतःच्या बसायच्या सोप्याची. "बोळ हिकडनं घेतो. आणि पावणी व्हून यायचं आसंल तर लॉजवर उतर." फोन बंद. मी तशीच मीटिंगला गेले. डोळे बघून बॉसनं विचारलं, "ऑल ओके?" त्याला काय सांगणार, म्हैस अडकली?

घर झालं. म्हैस ऐटीत गोठ्यात जाते. सोपा इतका चिंचोळा, की चौथा माणूस आला की आबा उठून उंबऱ्यावर बसतात. माझी खोली मात्र दहा बाय बारा, आणि तिथं मी आजवर अकरा दिवस राहिलेय. सख्ख्या मामालाही आबा तिथं झोपू देत नाहीत. "सुमीची हाय," म्हणतात. आपण अंग चोरून बसायचं आणि गेलेल्याची जागा मोकळी ठेवायची, एवढंच मला आता घर म्हणून कळतं.

काल मे महिन्याचं तिकीट काढलं. आईला फोन करून सांगितलं, महिनाभर येतेय, आणि पाहुणी म्हणून येत नाहीय.

आई म्हणाली, "मग सकाळचं शेण तू काढायचंस."

फार बरं वाटलं मला.